पगाराला हातभार की सरकारी कंत्राट?

ऑस्ट्रेलियात ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या लोकांच्या, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या, रोजगारासाठी सरकारने दोन वेगळ्या वाटा धरल्या.

पहिली सरळ आहे. मालकाने माणूस कामावर घ्यायचा, पगाराचा काही भार सरकार उचलणार. या वेतन-अनुदानात सहा महिन्यांत 10,000 डॉलरपर्यंत रक्कम मिळत आली, अट आठवड्याला सरासरी 20 तास कामाची. गावातल्या छोट्या गॅरेजला किंवा बेकरीला हे सोयीचं, कारण नवख्याला शिकवण्यात मालकाचा वेळ जातो, त्याची थोडी भरपाई होते. पण सातव्या महिन्यात काय? तिथे सगळं मालकाच्या मर्जीवर.

दुसरी वाट 1 जुलै 2015 पासूनची. केंद्र सरकारच्या खरेदीत आदिवासी मालकीच्या उद्योगांना वाटा, सुरुवातीचं उद्दिष्ट 2020 पर्यंत कंत्राटांच्या संख्येच्या 3 टक्के. काही क्षेत्रांतल्या 75 लाख डॉलर आणि त्यावरच्या कंत्राटांत आदिवासींच्या सहभागाची किमान अटही घातली. इथे आदिवासी माणूस नुसता नोकर नाही, मालकही होतो. मला हीच वाट जास्त पटते. दुखणं एकच: नावाला आदिवासी भागीदार, गल्ला भलत्याकडेच. तिकडे त्याला ‘ब्लॅक क्लॅडिंग’ म्हणतात. बेनामी व्यवहार ठाऊक असलेल्या आपल्याला वेगळं समजवायला नको.