दुखरी, बिनदुखरी आणि बुधवारची: बाळाच्या लशी उपकेंद्रात की खासगीत?

माझ्या थोरलीच्या सगळ्या लशी तालुक्याच्या गावी खासगी बालरोगतज्ज्ञांकडे झाल्या, धाकट्याच्या बहुतेक आमच्या गावच्या उपकेंद्रात. यामागे फार विचार वगैरे नव्हता. थोरलीच्या वेळी आम्ही तालुक्यालाच भाड्याने राहत होतो, दवाखाना घरापासून पाच मिनिटांवर. धाकट्याच्या वेळी सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या आमच्या वाडीत आलो होतो, आणि भर पावसात दीड महिन्याचं बाळ घेऊन तासभर रिक्षात हिंदकळायची माझी तयारी नव्हती. म्हणून दोन्ही घरचं पाणी चाखून झालं. आता वाडीतली कुणी पहिलटकरीण "लस खंय देवची गो?" म्हणून विचारायला आली की मी तिला चहा देते आणि हेच सगळं सांगते.

लस तीच, की वेगळी?

पहिला गैरसमज हा की सरकारी लस म्हणजे हलकी. पूर्वी सरकारी यादी खरंच लहान होती. आज जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ ब. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटा (डांग्या खोकल्यासकट पाच रोगांची एकच लस), पोलिओचे थेंब आणि जुलाबावरचे रोटाचे थेंब. दीड आणि साडेतीन महिन्यांना पोलिओचं बारीक इंजेक्शन आणि न्यूमोनियावरची न्यूमोकोकलही. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस, न्यूमोकोकलचा बूस्टर, पोलिओचं तिसरं इंजेक्शन आणि 'अ' जीवनसत्त्वाचा चमचा. दीड वर्षाला गोवर-रुबेला दुसरा आणि डीपीटीचा बूस्टर. रोटा आणि न्यूमोकोकल एके काळी फक्त खासगीत, पैसे मोजून मिळायच्या. माझ्या नणंदेने तिच्या मुलासाठी त्यासाठी भिशीचे पैसे उचलले होते. आज त्या दोन्ही उपकेंद्रात फुकट आहेत.

यादीतला मुख्य फरक आहे तो दोन ठिकाणी. सरकारी गोवराच्या लशीत गालगुंड नाही, खासगीतल्या एमएमआरमध्ये आहे. आणि कांजिण्या, कावीळ अ, टायफॉइड, फ्लू या लशी सरकारी वेळापत्रकात नाहीत, त्या खासगीतच घ्याव्या लागतात.

दुखरी आणि बिनदुखरी

खासगी दवाखान्यात काउंटरवर पहिला प्रश्न हाच येतो: "पेनलेस हवी की साधी?" नवीन आई-बापाला हा प्रश्न विचारणं म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं. कुणाचं तोंड उघडतं "दुखरी द्या" म्हणायला?

टोचताना सुई दोन्हींची सारखीच लागते. फरक आहे डांग्या खोकल्याच्या घटकात. साध्या लशीत त्या जंतूची अख्खी मारलेली पेशी असते, बिनदुखरीत तिचे निवडक तुकडे. अख्ख्या पेशीमुळे ताप जास्त येतो, मांडी सुजते, बाळ रात्रभर किरकिरतं. तुकड्यांच्या लशीने हे बरंच कमी होतं, पण डांग्या खोकल्यापासूनचं तिचं संरक्षण लवकर ओसरतं, हेही तितकंच खरं. हे मला काउंटरवर कुणी सांगितलं नव्हतं. थोरलीला बिनदुखरी सहा-इन-एक दिली, ती रात्री छान झोपली. धाकट्याला पेंटा दिली, त्या रात्री आम्ही कुणीच झोपलो नाही. सासूबाई मात्र पॅरासिटामॉलची बाटली हातात धरून निवांत होत्या, "ताप येतलोच गो, घाबरू नको." दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगा पुन्हा हसत होता.

बिनदुखरीचा एक फायदा मान्य करायलाच हवा, टोचण्या कमी होतात. सहा-इन-एकमध्ये पोलिओचं इंजेक्शन आतच असतं, म्हणून दीड महिन्याला खासगीत दोन सुया, उपकेंद्रात तीन. आणि पैसे? सहा-इन-एक आणि न्यूमोकोकल मिळून पहिल्या तीन भेटींचा हिशेब पाच आकड्यांत जातो. एका रात्रीच्या झोपेसाठी तेवढे मोजायचे का, हे ज्याने त्याने ठरवावं. आता पुन्हा वेळ आली तर मी मोजणार नाही.

पावसाळा, वीज आणि फ्रीज

या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलते, कारण कोकणात राहणाऱ्याने पहिल्यांदा हाच विचारायला हवा आणि कुणी तो विचारत नाही.

लशी २ ते ८ अंश तापमानात राहायला हव्यात. जूनमध्ये पहिल्या वाऱ्याला फांदी तारेवर पडली की आमची वीज जी जाते ती कधी रात्री येते, कधी परवा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा तर दिवसांमागून दिवस अंधार. त्याच्या आदल्या वर्षी निसर्ग वादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा वेळी लशीचं काय होतं?

प्राथमिक आरोग्य केंद्रात लशींसाठी साधा फ्रीज नसतो, आतून बर्फाचं अस्तर असलेलं वेगळं यंत्र असतं. वरून उघडणारं, बुटकं, मच्छीवाल्याच्या पेटीसारखं दिसणारं. दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी ते आतली थंडी टिकवतं. उपकेंद्रात लस साठवतच नाहीत. लसीकरण सत्राच्या दिवशी, आमच्याकडे बुधवारी, सकाळी ती आरोग्य केंद्रातून निळ्या कॅरिअरमधून येते, चारही बाजूंना बर्फाच्या पिशव्या. आमच्या सिस्टर त्या पिशव्या कॅरिअरमध्ये ठेवण्यापूर्वी कानाशी धरून हलवतात. एकदा विचारलं तर म्हणाल्या, आतून पाण्याचा आवाज यायला हवा. बर्फ एकदम कडक असेल तर पेंटा, कावीळ ब, न्यूमोकोकल अशा लशी गोठतात, आणि गोठलेली लस पुन्हा पातळ झाली तरी निकामी. उष्णतेची भीती सगळ्यांना असते, गोठण्याची कुणालाच नसते.

सरकारी कुपीवर एक छोटी खूण असते, गोल आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. जसजशी उष्णता लागत जाते तसा चौकोन गडद होतो, आणि गोलाच्या रंगाला टेकला की कुपी फेकायची. सिस्टरना "ताई, खूण दाखवा ना" म्हटलं तर त्या रागावत नाहीत, उलट खूश होतात. खासगी बाजारातल्या अनेक लशींवर ही खूण नसते. तिथे भरवसा फक्त डॉक्टरांच्या फ्रीजवर.

थोरलीच्या अडीच महिन्यांच्या वेळी जुलै होता, तालुक्यात आदल्या दिवसापासून वीज नव्हती. दवाखान्यात विचारलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "फ्रीज उघडलाच नाही ना ताई, काही होत नाही." डॉक्टरही मान हलवून पुढच्या पेशंटकडे वळले. लस टोचली गेली. ती चालली की नाही, हे मला आजही माहीत नाही, आणि कळायचा मार्गही नाही. पुढच्या डोसांना आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या लशीच्या फ्रीजला बाहेर तापमानाचा आकडा दिसत होता, शेजारी वहीत सकाळ-संध्याकाळची नोंद, खाली इन्व्हर्टर. आत पाण्याची बाटली नाही की डबा नाही. म्हणजे सगळे खासगी एकाच माळेचे मणी नाहीत. पण शोधायची जबाबदारी तुमची. फ्रीज दाखवा म्हणायला लाजू नका. ज्यांचं चोख असतं ते हौसेने दाखवतात.

खोळंबा कुठे जास्त?

उपकेंद्राची खरी अडचण ही. गोवर-रुबेलाची कुपी एका बाळाची नसते, अनेक डोसांची असते, आणि एकदा पाणी घालून तयार केली की चार तासांत वापरायची, उरलेली टाकायची. त्यामुळे लहान वाडीत बाळं कमी आली की सिस्टर कुपी फोडायला कचरतात. धाकट्याच्या वेळी मला एका बुधवारी परत पाठवलं, "दोनच पोरं झालीत, पुढच्या बुधवारी या." पुढच्या बुधवारी सिस्टर कुठल्या प्रशिक्षणाला. नऊ महिन्यांची लस पडली ती दहा महिने उलटल्यावर. बीसीजीचंही तसंच, पण बाळंतपण रुग्णालयात झालं असेल तर ती बहुधा तिथेच उरकते. यावर उपाय एकच: आशाताईंना आदल्या दिवशी फोन करायचा आणि सत्र कमी बाळांचं असेल तर त्याच आठवड्यात आरोग्य केंद्राला जायचं. तिथे गर्दी असते, कुपी फुटतेच.

खासगीत यातलं काही नाही. एकेकट्या बाळाची कुपी, कुठल्याही वारी या. पण तिथला खोळंबा वेगळा आणि मला तो जास्त डाचतो. लशीसाठी आलेलं धडधाकट बाळ तापाने फणफणलेल्या मुलांच्या मांडीला मांडी लावून बाकावर बसतं. गोवराचा रोगी पुरळ उठण्याआधी चार दिवसांपासून रोग पसरवत असतो, आणि तो खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहतो. नऊ महिन्यांच्या आतलं, लस न झालेलं बाळ अशा खोलीत दीड तास बसवायचं? लसीकरणाची वेळ वेगळी ठेवणारे डॉक्टर आहेत. ती वेळ विचारून मगच जा. उपकेंद्राच्या बुधवारी येणारी बाळं बहुतेक बरी असतात, रडतात ती सुईने.

सुयांचं म्हणाल तर दोन्हीकडे नवीनच. सरकारी सिरिंज एकदा दाबली की आपोआप अडकते, पुन्हा ओढताच येत नाही, आणि लगेच कटरमध्ये 'खट्' होते. टोचल्यावर अर्धा तास थांबवण्यात उपकेंद्र जास्त कडक. खासगीत बिल झालं की आपण मोकळे, पण तुम्ही थांबाच.

मग काय करावं

वाडीत राहणाऱ्यांनी पहिल्या दीड वर्षाच्या सगळ्या लशी उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात घ्याव्यात, असं माझं सरळ मत. गोवराचा नऊ महिन्यांचा डोस एकटा सुमारे ८५ टक्के बाळांना वाचवतो, दोन झाले की ९७च्या आसपास, त्यामुळे दीड वर्षाचा विसरायचा नाही. हातात पैसे असतील तर ते बिनदुखरीवर न घालता सरकारी यादीत नसलेल्या लशींवर घाला. माझा क्रम असा: पंधराव्या महिन्याला एमएमआर, मग कांजिण्या, मग टायफॉइड. आमच्या विहिरींचं पावसाळ्यातलं पाणी बघता कावीळ अ सुद्धा मी मागे टाकणार नाही. एमएमआर आणि कांजिण्या एकाच दिवशी तरी घ्या, नाहीतर मध्ये २८ दिवस जाऊ द्या.

आणि खासगीत एमएमआर घेतली तर आशाताईंना सांगा. नाहीतर गोवराची लस झालीय म्हणून दीड वर्षाच्या सत्राला जायचंच राहतं आणि त्याच दिवशीचा डीपीटी बूस्टर हुकतो. आमच्या शेजारी तसंच झालं.

मुंबईहून बाळंतपणाला माहेरी आलेल्यांनी निम्म्या लशी इथे, निम्म्या तिकडे घ्यायला काहीच हरकत नाही. पेंटा इथे सुरू केली म्हणून तिकडे पुन्हा पहिल्यापासून करावी लागत नाही, फक्त कार्ड हवं. यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंद असली तर तिकडच्या सिस्टरना फोनवर दिसते. खासगीतली नोंद तिथे असेलच असं नाही, म्हणून कागद जपा. गणपतीत किंवा शिमग्याला गावी येणार असाल आणि मधली तारीख त्यात पडत असेल, तर "मुंबईला गेल्यावर बघू" न म्हणता इथल्या बुधवारी जाऊन या. सणाला घर भरलेलं असतं, कुणाचं पोर खोकत असतं, कुणाला अंगावर काय उठलंय ते विसर्जनानंतर कळतं. गोव्याच्या सीमेलगतचे काही जण तिकडे जातात. मोठ्या आजाराला ठीक, लशीसाठी एवढं जायचं कारण मला दिसत नाही.

धाकट्याला पंधरा महिने झाले तेव्हा मी त्याला एमएमआरसाठी त्या इन्व्हर्टरवाल्या डॉक्टरांकडे नेलं. पिशवीतून सरकारी कार्ड काढताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं, एक कोपरा आमटीने पिवळा झालेला. त्यांनी ते सपाट केलं, सिस्टरच्या तारखा वरून खाली वाचल्या, "सगळं झालंय की," म्हणाले, आणि त्याच रकान्यात खाली हिरव्या पेनाने आजची तारीख घातली.