नेटगॅली : थरारकथेच्या लेखकाला कितपत उपयोगी?

प्रकाशनाआधी कादंबरीची ई-प्रत समीक्षक, ग्रंथपाल, पुस्तकविक्रेते आणि पट्टीच्या वाचकांपर्यंत पोहोचवणारी ही सेवा 2008 पासून चालू आहे. वाचक प्रत मागतो, प्रकाशक त्याचं प्रोफाइल पाहून होकार किंवा नकार देतो. थरारकथेसाठी ही चाळणी फार मोलाची. सगळ्यांना ताबडतोब वाचायला मिळेल असा पर्याय उघडा ठेवला, तर प्रती भराभर उचलल्या जातात, पण एरवी रहस्यकथेच्या वाटेला न जाणारेही त्या नेतात आणि ‘फार रक्तपात आहे’ म्हणून दोन तारे देऊन मोकळे होतात. होकार देताना वाचकाचं अभिप्रायाचं प्रमाण, म्हणजे मिळालेल्या पुस्तकांपैकी किती पुस्तकांवर त्याने अभिप्राय दिला, हे जरूर बघावं. 80 टक्के हे नेटगॅलीनेच सुचवलेलं प्रमाण आहे.

एकट्या, स्वतःच प्रकाशक असलेल्या लेखकाला इथे पुस्तक ठेवण्याचा खर्च मात्र जड जातो.

खरी गोची वेळेची. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर अभिप्राय आधी टाकता येतो, ॲमेझॉनवर बहुतेक पुस्तकांना प्रकाशनदिनापर्यंत थांबावं लागतं. तोवर वाचक पुढच्या पुस्तकात बुडालेला असतो. त्यामुळे त्या दिवशी आठवणीची मेल गेलीच पाहिजे.

आलेले अभिप्राय लेखकाने पुढे शेअर करताना वातावरण, वेग, पात्रं यांवरची वाक्यं निवडावीत. ‘शेवटचा धक्का ओळखताच आला नाही’ हे वाक्य कितीही सुखावणारं असलं तरी टाळावं. ते वाचलेला वाचक पहिल्या पानापासून धक्काच शोधत बसतो.