एसबीओ: नाव नको, व्याख्या वाचा
एसबीएमएल (जैविक प्रक्रियांची मॉडेल्स संगणकासाठी लिहिण्याची भाषा) मॉडेलमधल्या समीकरणाला अर्थ जोडायला सिस्टिम्स बायॉलॉजी ऑन्टॉलॉजी, म्हणजे एसबीओ, हा क्रमांक आणि व्याख्या दिलेल्या संज्ञांचा संग्रह फार उपयोगी आहे. त्याची खरी ताकद व्याख्यांमध्ये आहे. हेन्री-मायकेलिस-मेंटेन (एसबीओ:0000029) आणि ब्रिग्ज-हाल्डेन (एसबीओ:0000031) या एन्झाइम-अभिक्रियेच्या वेगाच्या दोन नियमांचं सूत्र दिसायला एकसारखंच. पण पहिल्यात एन्झाइम आणि सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) यांची जोडणी झटपट समतोलात येते असं गृहीत आहे, म्हणून सूत्रातला स्थिरांक म्हणजे सुटण्याचा दर-स्थिरांक भागिले जुळण्याचा. दुसऱ्यात या जोडणीतून बनलेल्या संकुलाचं प्रमाण स्थिर धरतात, त्यामुळे अंशात उत्प्रेरणाचा दर-स्थिरांकही मिळवावा लागतो. नुसतं नाव शोधून समीकरणाला एसबीओ:0000029 चिकटवलं की पुढे मूळ अभिक्रियांचे दर काढणारा हमखास फसतो. काही व्याख्या अजून फारच त्रोटक आहेत. सुधारणा सुचवताना पालकसंज्ञा (तिच्या वरची व्यापक संज्ञा), गृहीतक आणि प्रत्येक चिन्हाचं एकक जरूर लिहा.