अकरा महिने, १४ हजार किलोमीटर आणि बॉनेटखालची ती शिट्टी

गाडी सगळ्यांच्या ओळखीची, बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक. तिच्या फीचर्सवर शब्द खर्च करत नाही. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी सेकंडहँड घेतली, तेव्हा सात वर्षांची होती आणि ६१ हजार पळालेली. कोल्हापूर-कागल रोज ये-जा. हायवेला लिटरमागे १९ देते, शहरात १५. एसी उत्तम, सस्पेन्शन जरा कडक. एवढं सांगून झालं की माझ्याकडे बोलायला एकच विषय उरतो, तो म्हणजे आवाज.

डिसेंबरात सुरू झाला. सकाळी गाडी स्टार्ट केली की बॉनेटखालून बारीक 'ऊंऽऽऽ'. ॲक्सिलरेटर दाबला की चढायचा, सोडला की उतरायचा. २००० आरपीएमच्या आसपास तर असा लागायचा की मागे बसलेल्या आईने विचारलं, "मिक्सर चालू राहिल्यासारखं काय वाजतंय रे?" त्यानंतर मी जेवढ्या जणांना आवाज ऐकवला, त्यांच्यात आईइतकं नेमकं वर्णन कुणालाच जमलं नाही.

वर्कशॉपमध्ये नेली. ॲडव्हायझरने दोन मिनिटं ऐकलं आणि बेल्ट सांगितला. अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) आणि एसीचा, दोन्ही बेल्ट बदलले, मजुरीसकट २,८५० रुपये. आवाज गेला तर नाहीच, उलट जास्त स्वच्छ ऐकू यायला लागला. दहा दिवसांनी परत गेलो तर म्हणे, "अल्टरनेटर असेंब्लीच बदलावी लागेल, १६,४००." कशावरून, विचारलं तर म्हणाला अनुभवावरून. बेल्टही याच अनुभवावरून बदलला होता, हे मी तोंडावर सांगितलं आणि गाडी घेऊन आलो. महिन्याचा हिशेब वहीत लिहिणारा माणूस आहे मी. नुसत्या अंदाजावर १६ हजार माझ्याने दिले जात नाहीत.

पुढच्या रविवारी स्वतःच बसलो. गाडी जागेवर उभी असतानाही आरपीएमबरोबर आवाज चढत होता, म्हणजे चाकाचं बेअरिंग संशयातून बाद. क्लच दाबून-सोडून पाहिला, काही फरक नाही, म्हणजे क्लचचं रिलीज बेअरिंगही बाद. स्टेअरिंग इलेक्ट्रिक आहे, त्यामुळे तिथे पंपाचा प्रश्नच नव्हता. एसी बंद असला तरी आवाज तोच. चालत्या बेल्टवर बाटलीने पाण्याचा फवारा मारला. बेल्ट ओरडत असेल तर पाणी पडताच आवाज बदलतो. माझा जराही बदलला नाही. म्हणजे वर्कशॉपमध्ये ही पाच रुपयांची परीक्षासुद्धा कुणी घेतली नव्हती. माझा राग इथला आहे.

मग लांब स्क्रू ड्रायव्हर. बाह्या वर सरकवल्या, गळ्यातलं आणि हातातलं सगळं काढून ठेवलं आणि टोक फिरत्या भागांपासून लांब, नुसत्या बॉडीवर टेकवलं. मूठ कानासमोरच्या हाडाला लावली. इंजिन थंड ठेवणाऱ्या वॉटर पंपाजवळ साधी घरघर. अल्टरनेटरच्या पुढच्या तोंडावर टेकवलं आणि ती शिट्टी थेट डोक्यात शिरली. शंका राहू नये म्हणून अल्टरनेटरचा बोल्ट सैल करून बेल्ट उतरवला आणि इंजिन जेमतेम वीस सेकंद चालवलं. त्याहून जास्त नको, कारण त्याच बेल्टवर वॉटर पंप फिरतो. आवाज साफ बंद. इंजिन थांबवून पुल्या हाताने फिरवल्या. पंपाची गुळगुळीत, अल्टरनेटरची खरखरीत, आत वाळू असावी तशी.

बेल्ट परत चढवून मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १४.२ व्होल्ट. लाइट, ब्लोअर सगळं चालू केलं तरी आवाजाचा सूर बदलला नाही. म्हणजे चार्जिंग ठणठणीत, डायोडचा वगैरे घोळ नाही. फक्त बेअरिंग.

उद्यमनगरात एक काका आहेत, चाळीसेक वर्षं हेच काम करतात. अजूनही अल्टरनेटरला डायनामोच म्हणतात. त्यांनी समोर बसवून उघडला. पुलीचा नट, मग लांब बोल्ट, मग पुलर. पुढचं बेअरिंग ६३०३ निघालं. शेवटचे ०३ म्हणजे आतलं भोक १७ मिमी, बाहेरचा व्यास ४७, जाडी १४. हा नंबर जगात सगळीकडे एकच, त्यामुळे गाडीच्या कंपनीच्याच डब्यातलं बेअरिंग हवं असं काही नाही. काकांनी नखाने रबरी सील उचललं. ग्रीस वाळून गुळाच्या काकवीसारखं तपकिरी झालेलं, आणि गोळ्यांच्या वाटेवर गंजाची बारीक रेघ. "आत पाणी गेलंय," म्हणाले. मला गाडी दाखवली तेव्हा इंजिन आरशासारखं चमकत होतं. विकण्याआधी प्रेशर वॉशरने धुतलं असणार, असा माझा अंदाज आहे. सेकंडहँड गाडी घेताना चकचकीत इंजिन पाहून खूश होणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

मिक्सरचं कोडंही तिथेच सुटलं. अल्टरनेटरची पुली लहान, म्हणून तो इंजिनच्या अडीच-तीन पट वेगाने फिरतो. २००० आरपीएमला आत ५-६ हजार फेरे चालू असतात. एवढ्या वेगात कोरडं बेअरिंग गाणारच.

दोन बेअरिंग ५२०, झिजले होते म्हणून ब्रश १८०, मजुरी ६००. एकूण १,३००. गाडी स्टार्ट केली आणि शांतता. मी तीन वेळा बंद करून चालू केली.

इथपर्यंत मार्चमध्ये लिहून ठेवलं होतं. आता एका बाबतीत मत बदलावं लागतंय.

मे महिन्यात गगनबावड्याला जाऊन आलो आणि दोन दिवसांनी तोच सूर, पण हलका. काकांवर मनातून चिडलो. बेअरिंग डुप्लिकेट लावलं असणार अशी खात्रीच करून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बेल्टवर अंगठा दाबला आणि विचारलं, "हा कुणी ताणला?" ट्रिपला जायच्या आधी, सैल वाटला म्हणून मीच ताणला होता. बेल्ट असा तंबोऱ्याच्या तारेसारखा ओढला की सगळा भार पुढच्या बेअरिंगवर येतो. माझ्या गाडीला दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर साधारण आठ-दहा मिमी खाली गेला पाहिजे, तो जेमतेम तीन जात होता. सैल केला, आवाज गेला. पैसे घेतले नाहीत. वर्कशॉपच्या नव्या बेल्टनंतर आवाज वाढला होता, त्याचं कारणही बहुतेक हेच असावं.

वर्कशॉपबद्दल एक गोष्ट मात्र मान्य करतो. जुना बेल्ट काकांना दाखवला, तर तो कडेने तडकलेला निघाला. कधी ना कधी बदलावाच लागला असता, म्हणजे ते २,८५० अगदीच पाण्यात गेले नाहीत. १६,४००चा राग कायम आहे.

सध्या ७५ हजारांवर आहे. बेअरिंग बदलून सहा महिने होऊन गेले, भर पावसात रोज चालते, व्होल्टेज तेच १४.२. गाडी म्हणून मी समाधानी आहे, डिसेंबरात विकायला निघालो होतो त्याचं वाईट वाटतं. जुनं ६३०३ डॅशबोर्डच्या खणात ठेवलंय. गेल्या आठवड्यात शेजारच्या दादांची गाडी तशीच वाजायला लागली, तेव्हा ते आधी त्यांच्या हातात दिलं, फिरवून बघा म्हटलं. मग दोघं स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो. त्यांचा अल्टरनेटर शांत होता. आवाज वॉटर पंपातून येत होता आणि खाली कूलंटचा गुलाबी डाग वाळलेला होता. अल्टरनेटरला हात न लावता दादा तसेच पंप आणायला गेले.