विंडोज ११ चे अपग्रेड : सीताबर्डीतील एका दुरुस्ती दुकानाचा अनुभव

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि नागपूरच्या महाल भागातील आमच्या छोट्या डीटीपी (संगणकावर छपाईची पाने जुळवणाऱ्या) कार्यालयाला विंडोज ११ कडे वळणे भाग पडले. हे काम सीताबर्डीतील एका दुरुस्ती दुकानाकडे सोपवले होते.

तयारी पूर्ण झाल्याशिवाय अपग्रेडला हात घालायचा नाही, ही या दुकानाची शिस्त मला सर्वांत मोलाची वाटली. त्यांनी आधी मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा तपासणी प्रोग्राम चालवून टीपीएम २.० (सुरक्षा चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि प्रोसेसर तपासला. एका संगणकात इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर निघाला, जो विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. पळवाट काढून तो अपग्रेड करण्यास त्यांनी नकार दिला, कारण अशा संगणकाला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. नवा संगणक गळ्यात मारण्याची संधी असूनही त्यांनी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी त्याची नोंदणी करून दिली.

बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला गेला आणि त्यातील निवडक फायली दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवण्यात आल्या. आमचा जुना मजकूर युनिकोडमध्ये (कोणत्याही संगणकावर सारखी वाचता येणारी अक्षरपद्धती) नाही. त्याचा फॉन्ट हरवला तर पाने नुसत्या निरर्थक चिन्हांनी भरतात. त्यामुळे फॉन्टही वेगळे जपून ठेवा, असे त्यांनी न विचारता सांगितले, हे विशेष. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असलेल्या लॅपटॉपची ४८ अंकी रिकव्हरी की (कुलूप उघडण्याचा क्रमांक) त्यांनी छापून हाती दिली, कारण बायोसमधील (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधील) बदलानंतर संगणक ती मागू शकतो.

अडचण आली तर कुठे पाहायचे, हेही येथे शिकायला मिळाले. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज रिलीज हेल्थ’ पानावर ज्ञात दोषांची नोंद असते, तर प्रिंटरचा ड्रायव्हर (तो चालवणारे सॉफ्टवेअर) उत्पादक कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ देणाऱ्या प्रोग्रामच्या नादी लागू नये. त्रुटीचा कोड ८००७००७० ने संपत असेल तर डिस्कवर जागा कमी आहे, असे समजावे. अपग्रेडनंतर १० दिवस जुन्या विंडोजवर परतता येते, पण त्यासाठी जुने विंडोज साठवलेले ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर जागेवर असावे लागते. डिस्क स्वच्छ करण्याच्या उत्साहात ते पुसले गेले की तो मार्ग बंद होतो.

उणिवा दोन आहेत. हे सारे मार्गदर्शन तोंडी असते, एखादे छापील टिपण मिळत नाही. शिवाय पावतीवर एकच ढोबळ रक्कम येते. पुढचे संगणक त्यांच्याचकडे देईन, मात्र बॅकअप, अपग्रेड आणि ड्रायव्हर यांचे दर आधी वेगवेगळे लिहून घेईन.