बॅलॉ ब्रिजची 'खासगी जागा' आणि आमचे २४० पौंड

गेले २४० पौंड. त्यातले १४० परत आले. ते कसे आले ते सांगतोच, पण आधी गेले कसे ते ऐका, कारण येत्या जूनमध्ये टीटी, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आयल ऑफ मॅन बेटावरची मोटारसायकलींची शर्यत, बघायला जायचंय म्हणणारे निदान चार मराठी लोक मला गेल्या महिन्याभरात भेटलेत.

मी लीड्सला नोकरीला. मामेभाऊ कोल्हापूरचा, दारात दोन आरएक्स १०० आणि एक येझदी, त्यातली एक कायम उघडून ठेवलेली. व्हिसा मिळाला तशी त्यानं एकच अट घातली, लंडन-बिंडन मागाहून, आधी आयल ऑफ मॅन. १९०७ पासून तिथं ही शर्यत होते आणि १९११ पासून ती डोंगरावरच्या रस्त्यानं जाते. एक फेरी साधारण ६०.७ किलोमीटरची. हा रस्ता एरवी दूधवाल्याचा, शाळेच्या बसचा. शर्यतीपुरता बंद करतात आणि त्यावरून दर दहा सेकंदांनी एकेक बाईक सोडतात. २०२३ मध्ये पीटर हिकमननं अख्खी फेरी सरासरी ताशी २१९ किलोमीटरनं मारली. सरासरी! गावातल्या चौकांसकट.

आता मुद्दा असा की एवढ्या लांब रस्त्याला स्टेडियम कुठलं असणार? सुरुवातीच्या ठिकाणचं ग्रँडस्टँड आणि आणखी मोजक्या बैठकी सोडल्या तर लोक बांधावर, चर्चच्या आवारात, पबच्या अंगणात बसून बघतात. बहुतेक ठिकाणी फुकट. काही घरवाले, चर्चवाले दोन-पाच पौंडांचा डबा ठेवतात, चहा-केक विकतात. हे सगळं मला माहीत होतं आणि फसलो ते त्यामुळंच. कारण जिथं तिकीटच नसतं तिथं कुणी तिकीट विकायला आला तर ते खोटं कशावरून ठरवायचं?

शर्यतवेड्यांच्या एका ग्रुपवर पोस्ट दिसली. बॅलॉ ब्रिजजवळ, समुद्राच्या बाजूला, घराच्या परसातून पूल समोर दिसतो. सहाच जागा, माणशी १२० पौंड. पार्किंग, चहा-सँडविच, टॉयलेट. बॅलॉचा पूल म्हणजे कमानीसारखा उठलेला छोटासा दगडी पूल, त्यावरून बाईकची दोन्ही चाकं हवेत जातात. भावाच्या मोबाइलवर गेली सहा वर्षं त्याच पुलाचा वॉलपेपर आहे. मी त्या माणसाला खोदून खोदून विचारलं आणि त्याची सगळी उत्तरं बरोबर निघाली. रस्ता कधी बंद होतो, बस कुठून मिळते, धुकं आलं की जखमींना नेणारं हेलिकॉप्टर उडू शकत नाही म्हणून शर्यत थांबवतात, सगळं. वर प्रेमानं सांगितलं की रस्ता एकदा बंद झाला की ओलांडता येत नाही, तेव्हा नऊच्या आत या. इतकी काळजी करणारा माणूस चोर असेल असं वाटत नाही हो.

पैसे बँकेतून थेट पाठवायचे. म्हणाला, कार्डाचं मशीन नाही, खातं बहिणीचं आहे. मी नाव टाकलं तसा बँकेच्या अ‍ॅपनं पिवळा चौकोन दाखवला: हे नाव खात्याशी जुळत नाही, पैसे परत मिळणार नाहीत असं होऊ शकतं. मी त्याला तो चौकोन पाठवला. तो म्हणाला, लग्नानंतर नाव बदललंय, खात्यावर जुनंच आहे. आमच्याकडं आईच्या पासबुकावर अजून माहेरचं नाव आहे. मला पटलं. बोटानं 'पुढे' दाबलं.

शर्यतीच्या दिवशी बेटाची राजधानी डग्लसहून सकाळच्या बसनं गेलो. मोबाइलवरच्या खुणेपाशी पोचलो तर समोर दगडमातीचा पुरुषभर उंच बांध, त्यावर काटेरी झुडपांची पिवळीधमक फुलं आणि एक पाटी: इथं प्रेक्षकांना मनाई. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे बाईक सुटली तर नेमकी जिथं येऊन आदळेल तिथं.

"दादा, घर कुठं हाय? ह्यो तर नुसता बांध हाय."

मी फोन लावत होतो. बंद. तेवढ्यात पलीकडून एक जर्मन जोडपं आलं, साठीचं असेल, हातात छापलेला कागद. कागदावर तोच नकाशा, तीच खूण. त्यांच्याकडून माणशी १५० घेतले होते. म्हणजे आम्हाला सवलत मिळाली होती म्हणायची. चौघं त्या बांधाकडं बघत उभे होतो, तर नारिंगी जॅकेटातला मार्शल आला. हे मार्शल सगळे स्वयंसेवक असतात. त्यानं कागद पाहिला, चेहऱ्यावर काहीही न दाखवता मान हलवली आणि म्हणाला की वीस मिनिटांत रस्ता बंद होतोय, इथं तर तुम्हाला उभं राहता येणारच नाही, गावाकडं चला.

पुलाजवळच्या चांगल्या जागा पहाटेच भरल्या होत्या. आम्ही मागच्या एका भिंतीआड, चार फळ्यांच्या बाकावर. पूल दिसतच नव्हता. पण पहिली बाईक आली तेव्हा काय होतं ते कळलं: आवाज चढत येतो, पुलावर क्षणभर इंजिन एकदम किंचाळतं, कारण मागचं चाक हवेत मोकळं फिरतं, आणि चाक टेकताच आवाज धपकन खाली येतो. भाऊ डोळे मिटून ऐकत होता. चौथ्या-पाचव्या बाईकनंतर म्हणाला, "ह्यो गडी लांब उडाला." त्याला रागवावं की हसावं मला कळेना. तीन तास तिथून हलता आलं नाही.

परत आल्यावर रात्री तंबूत त्या पोस्टमधला फोटो पुन्हा उघडून बघितला. तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. टीटीची फेरी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं जाते. समुद्राच्या बाजूनं, म्हणजे वर्तुळाच्या बाहेरून बघणाऱ्याला बाईक उजवीकडून डावीकडे जाताना दिसणार. फोटोत ती डावीकडून उजवीकडे उडत होती. म्हणजे फोटो पलीकडच्या अंगानं काढलेला, त्या 'परसातून' तसा येणंच शक्य नाही. कुणी जागा देतो म्हणून फोटो पाठवला तर ही एवढी एक गोष्ट नकाशावर ताडून बघा, अर्धं मिनिट लागतं. आणि त्या जागेवर मनाई आहे का, तेही आयोजकांच्या नकाशात आधी पाहून घ्या. मी ते कधीच पाहिलं नव्हतं.

पैशांचं म्हणाल तर दुसऱ्या दिवशीच बँकेला फोन केला. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे. फसवून तुमच्याच हातानं इथल्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवायला लावले असतील तर बँकेनं ते भरून द्यायचे, मात्र पहिले १०० पौंड ती कापू शकते. १३ महिन्यांच्या आत सांगावं लागतं. फोनवरच्या बाईंनी त्या पिवळ्या चौकोनाबद्दल दोनदा विचारलं. मी माहेरच्या नावाचं स्पष्टीकरण दिलं तेव्हा पलीकडं जरा शांतता पसरली. पण १०० कापून १४० आले. भाऊ आपल्या कोल्हापूरच्या खात्यातून पाठवतो म्हणून हटून बसला होता. तसं झालं असतं तर हा नियम लागलाच नसता. भारतातून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

त्यानंतरच्या दिवशी आम्ही लॅक्सीहून डोंगरावर जाणारी जुनी ट्राम पकडून बंगलो नावाच्या ठिकाणी गेलो. तिथं टीटीचा दिग्गज स्वार जोई डनलॉपचा बाईकवर बसलेला पुतळा आहे. त्याचा २६ विजयांचा विक्रम २०२४ मध्ये त्याच्याच पुतण्यानं मोडला. गवतावर बसायला कुणी छदाम मागितला नाही. बाईक डोंगरावरून खाली येताना लांबवर दिसत राहते, आमच्यासमोरून उजवीकडून डावीकडे जाते. भाऊ मुद्दाम दर वेळी हात करून दिशा दाखवायचा.

परवा ग्रुपवर तीच पोस्ट पुन्हा दिसली. खातं दुसरं, नाव दुसरं, फोटो तोच, बाईक डावीकडून उजवीकडेच उडतेय. भाव आता १४०.