शक्ती का ऑरेगन? गिटार, तबला आणि सनई घेऊन बसलेल्या तिघांसाठी

माझा भाचा तबला वाजवतो. त्याचा वर्गमित्र गिटार वाजवतो. तिसऱ्या मुलाच्या घरात आजोबांपासून सनई आहे. सोलापुरात गड्ड्याची जत्रा उठली आणि तिघांनी ठरवलं, आता आपला फ्यूजन बँड काढायचा. परवा साखर पेठेतल्या माडीवर त्यांची तालीम ऐकायला गेलो होतो. निघताना भाच्यानं विचारलं, "मामा, समोर कुणाला ठेवून शिकू? शक्ती का ऑरेगन?" जिन्यात उभं राहून मी अर्धवटच काहीतरी सांगितलं. नीट उत्तर इथं लिहितो, कारण असे तिघं-चौघं प्रत्येक कॉलेजात असतात.

दोन्ही बँड सत्तरच्या दशकातले. दोघांनी गिटार आणि तबला एका बैठकीत आणला. आणि गंमत म्हणजे दोन्हीकडच्या तबल्याचा गुरू एकच, उस्ताद अल्लारखा. शक्तीत त्यांचे चिरंजीव झाकिर हुसेन. ऑरेगनमध्ये कॉलिन वॉलकॉट हा अमेरिकन, जो सतार पंडित रविशंकरांकडे आणि तबला अल्लारखांकडे शिकला. एका विहिरीचं पाणी दोन शेतांत गेलं आणि पिकं निराळी आली. ती का निराळी आली, ते कळलं की तुमचा निर्णय निम्मा झाला.

आधी शक्ती. जॉन मॅकलॉफ्लिन हा यॉर्कशरचा इंग्रज गिटारवादक. जॅझचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याच्या १९६९-७० च्या ध्वनिमुद्रणांत त्याची गिटार आहे. १९७१ मध्ये त्यानं महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढला, कानठळ्या बसवणारा इलेक्ट्रिक बँड. त्या शिखरावरून उतरून तो मांडी घालून बसला. डाव्या-उजव्या बाजूला एल. शंकर यांचं व्हायोलिन, झाकिरभाईंचा तबला आणि विक्कू विनायकराम यांचा घटम, म्हणजे बोटांनी वाजवायचा मातीचा घडा. पहिली रेकॉर्ड ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कजवळ साउथॅम्प्टन कॉलेजात मैफलीतच मुद्रित झाली. तिच्यात रामनाड राघवन यांचा मृदंगमही आहे. पुढं १९७७ पर्यंत आणखी दोन रेकॉर्डी झाल्या आणि पहिलं पर्व आटोपलं.

इतिहासातली एक गोष्ट मात्र तुमच्या गिटारवाल्यानं वहीत लिहून ठेवावी. मॅकलॉफ्लिननं गिटारच बदलून घेतली. गिब्सन कंपनीसाठी एब्राहम वेक्टर या कारागिरानं ती बनवली. पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलं, म्हणजे वीणेसारखी तार ओढून गमक, म्हणजे स्वराचा हेलकावा, काढता येईल. मुख्य तारांखालून तिरक्या सात तारा घातल्या, सतारीच्या तरफांसारख्या गुंजणाऱ्या. त्याआधी तो वीणा शिकला होता. थोडक्यात, शक्तीत गिटार आपल्या घरी राहायला आली. इथली भाषा शिकली, इथल्या पंगतीत बसली. म्हणून तिथं कॉर्डची, म्हणजे एकत्र छेडलेल्या स्वरांची, चळत ऐकू येत नाही. एक षड्ज, म्हणजे 'सा', धरायचा, राग मांडायचा, आणि तालाच्या हिशेबात सगळ्यांनी एकत्र समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. पहिल्या रेकॉर्डवरचा 'जॉय' हा अठरा मिनिटांचा तुकडा ऐका. व्हायोलिन आणि गिटार एकमेकांना सवाल टाकतात, मागं तबला आणि घटम त्याच हिशेबाला वेगवेगळे भागाकार लावतात, आणि तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणलेला तुकडा, पडते तेव्हा पाचही जण एका क्षणात थांबतात. कॅसेटवर हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तबल्याच्या चौथ्या वर्षाला होतो. त्या रात्री झोप आली नाही. सकाळी उठून कायदा, म्हणजे तबल्याचा मूळ पाठच, पुन्हा पहिल्यापासून घोटायला घेतला.

सोलापूरकराला शक्ती लवकर कळते असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडं घरात मराठी, बाजारात कन्नड आणि पूर्व भागात तेलुगू. भजनी मंडळातला पखवाज लहानपणापासून कानावर असतो. मृदंगमचा घुमारा आपल्याला परका वाटत नाही. उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचा घटम शेजारी बसले यात इतरांना नवल वाटेल, आपल्याला शेजारधर्म वाटतो.

आता ऑरेगन. याचं मूळ पॉल विंटर कॉन्सॉर्टमध्ये आहे. सॅक्सोफोनवादक पॉल विंटरच्या या मंडळानं जॅझ, पाश्चात्त्य शास्त्रीय आणि जगभरचं लोकसंगीत एकत्र आणलं. पुढं 'न्यू एज' म्हणून जे संगीत ओळखलं जाऊ लागलं, त्याच्या पूर्वजांत विंटरचं नाव येतं. नव्वदच्या दशकात त्याला त्याच विभागात ग्रॅमीही मिळाले. राल्फ टाउनर गिटार आणि पियानोवर, पॉल मॅककँडलेस ओबो या फुंकीच्या पाश्चात्त्य वाद्यावर, ग्लेन मूर डबल बासवर आणि वॉलकॉट, हे चौघं त्या मंडळात एकत्र आले आणि १९७० मध्ये त्यांनी स्वतःचा बँड काढला. टाउनरची 'इकारस' ही रचना विंटरच्या १९७२ च्या रेकॉर्डचं शीर्षकगीत आहे. त्या रेकॉर्डचे निर्माते होते बीटल्सवाले जॉर्ज मार्टिन.

इथं चित्र उलटं आहे. गिटार स्वतःच्याच घरी आहे, तबला पाहुणा म्हणून गेला आहे. टाउनर सहा तारांच्या आणि बारा तारांच्या गिटारवर अशा रचना लिहितो की कॉर्ड सरकत राहतात, मात्रा मध्येच बदलतात, आणि एक षड्ज धरून बसायची सोय नसते. मग तबल्यानं काय करायचं? वॉलकॉट ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, लावून धरत नाही. कधी चार बोल टाकतो, कधी फक्त बायाचा, म्हणजे डाव्या हाताच्या डग्ग्याचा, श्वास देतो, कधी तबला ठेवून सतार उचलतो. काही तुकड्यांत तर आधी काहीच ठरलेलं नसतं, चौघं एकमेकांचं ऐकत जागेवरच रचत जातात. आपल्या शिस्तीत वाढलेल्या तबलजीला याचा सुरुवातीला राग येतो. मलाही आला होता. पुष्कळ दिवसांनी कळलं, की कुठं वाजवायचं नाही हे तो फार विचार करून ठरवत होता, आणि ते कायदा पाठ करण्याहून अवघड आहे.

सनईवाल्यासाठी इथं मोठा खजिना आहे. ओबो म्हणजे सनईची चुलत बहीणच, दोन्हींत दुहेरी पत्ती फुंकतात. मॅककँडलेस ओबोवर लांब स्वर कसा सोडतो आणि गिटारच्या कॉर्डवर तो कुठं टेकवतो, हे त्यानं रोज ऐकावं. शक्तीच्या सुरुवातीच्या रेकॉर्डींत फुंकीचं वाद्यच नाही. १९९७ मध्ये 'रिमेंबर शक्ती' म्हणून मंडळी पुन्हा जमली तेव्हा हरिप्रसाद चौरसियांची बासरी आली. पुढच्या संचात यू. श्रीनिवास यांचं मेंडोलिन, विनायकरामांचे चिरंजीव सेल्वगणेश आणि शंकर महादेवन यांचा गळा आला. सनईला जागा सापडेल ती ऑरेगनमध्येच.

ऑरेगनची वाट अर्ध्यात मोडली. ८ नोव्हेंबर १९८४ ला पूर्व जर्मनीत माग्देबुर्गजवळ दौऱ्याच्या बसला अपघात झाला आणि वॉलकॉट गेला. त्याच्या जागी कोण आला ते आपल्या मंडळींना ठाऊक हवं: त्रिलोक गुर्टू, ठुमरीगायिका शोभा गुर्टूंचे चिरंजीव, मुंबईचे. ते जमिनीवर बसून तबला आणि ड्रम एकत्र वाजवतात, घणघणती झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा सूर वाकवतात. १९८७ ची 'इकोटोपिया' त्यांच्यासोबतची. आणि हेच त्रिलोक पुढं मॅकलॉफ्लिनच्या त्रयीतही वाजवत होते. म्हणजे दोन्ही घरांत राहून आलेला माणूस आहे. भाच्यानं त्यांना वेगळं बसून ऐकावं.

शक्तीचं शेवटचं पर्व सगळ्यांना माहीत आहे. २०२३ ची 'धिस मोमेंट', फेब्रुवारी २०२४ चा ग्रॅमी, आणि त्याच डिसेंबरच्या १५ तारखेला झाकिरभाईंचं जाणं. त्यावर लिहायला अजून हात वळत नाही.

तर निर्णय. तुम्हाला गणपतीच्या मांडवात किंवा कॉलेजच्या पटांगणात वाजवायचं असेल तर ऑरेगनची पद्धत टिकणार नाही. तिच्यातलं अर्धं संगीत शांततेत आहे, ते लाउडस्पीकरवर हरवतं. शक्तीचा जोर मांडवातही पोचतो. हुतात्मा स्मृती मंदिरासारखं बंद सभागृह आणि बसून ऐकणारे लोक मिळाले, तर दोन्ही चालतील.

पण खरा प्रश्न जागेचा नाही, तुमच्यापैकी कोण किती शिकायला तयार आहे याचा आहे. गिटारवाला दोन वर्षं कॉर्ड वाजवतो आहे. शक्तीचा रस्ता धरला तर त्याला कॉर्ड बाजूला ठेवून सरगम आणि ताल मुळापासून शिकावे लागतील, गुरूसमोर बसून, पाचेक वर्षं. तो तयार असेल तर याहून चांगलं काही नाही. तो तयार नसेल आणि तरी 'जॉय'सारखं वाजवायला बसलात, तर तबला धावेल, गिटार मागं दोन कॉर्ड खरवडत राहील, आणि सनई त्यावर लग्नातली धून वाजवेल. परवाच्या तालमीत नेमकं हेच झालं. तिघांत खोट नाही, नमुना चुकीचा निवडला आहे.

म्हणून तुम्हा तिघांना माझा कौल ऑरेगनला. गिटारवाल्यानं स्वतःची एक छोटी रचना करावी, सनईनं तिची चाल घ्यावी, आणि भाच्यानं पहिला महिना ठेका न लावता वाजवावं. सर्वात जड काम त्याचंच आहे. ऐकायला १९७३ ची 'डिस्टंट हिल्स' आणि १९७८ ची 'आउट ऑफ द वुड्स' घ्या, दुसरीतला 'वॉटरव्हील' आधी. शक्ती सोडू नका. भाच्यानं रोज रियाजानंतर ऐकावी, आणि सहा महिन्यांनी तिघांनी मिळून 'लोटस फीट' बसवावी. पाच मिनिटांच्या आतली, संथ चाल आहे, सनईच्या श्वासात बसेल.

आणि तालीम दुपारी ठेवू नका. माडीखाली माग चालू असतात, त्या खटखटाटात शक्ती ऐकता येते, ऑरेगन येत नाही. रात्री दहानंतर बसा.